डावी, उजवी आणि गुरुवारच्या घंटा

१४ जानेवारी, मंगळवार

आज कळलं की मला दोन कॅन्सर आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. डॉक्टर टेन काटे म्हणाल्या, "दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही." म्हणजे इतकी वर्षं शेजारी राहून ओळखपाळख नाही. हे समजायला माझ्या नवऱ्याला, वेसेलला, आणि मला जड गेलं नाही.

सगळी सुरुवात त्या सुपरमार्केटमागच्या मॅमोग्राफीच्या ट्रेलरपासून. दर दोन वर्षांनी तो तिथे येऊन उभा राहतो आणि पन्नाशी उलटलेल्या बायका एकेक करून आत जाऊन छाती चेपून घेतात. मी फ्लॉवरची पिशवी घेऊनच गेले होते. यंत्रावरची पोरगी "झालं, छान" म्हणाली. आता कळतं, यात छान काहीच नव्हतं.

डावीकडे द्राक्षाएवढी गाठ. डॉक्टरांना ही फळांची मापं कोण शिकवतं? उजवीकडे गाठ नाही, पण दुधाच्या नळ्यांमध्ये ठिपके पसरलेत. "अजून नळीच्या भिंतीबाहेर पडलेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे बांध फुटलेला नाही," वेसेल म्हणाला. तोवर तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

"अगदी बरोबर! फार छान सांगितलंत."

वेसेलने सबंध नोकरी पाणी खात्यात काढली, नदीचे बांध तपासत. निवृत्तीच्या समारंभात त्याला एक छत्री मिळाली. खरं कौतुक आज झालं, तेही माझ्या जिवावर.

मग डॉक्टरांनी मेनू वाचून दाखवला. डावीची नुसती गाठ काढता येईल, वर रेडिएशन. उजवीचंही कदाचित तसंच, पण ते एमआरआय बघून. किंवा एक बाजू पूर्ण काढायची. किंवा दोन्ही. काढल्यावर सपाट ठेवायचं, नाहीतर नवीन बसवायचे. सिलिकॉनचे, किंवा स्वतःच्याच पोटाच्या चरबीचे.

"यातल्या कशाने मी जास्त जगेन?" मी विचारलं.

"तुमच्या बाबतीत सगळ्यांत जवळपास सारखंच. म्हणून तर निवड तुमची."

मला बैठकीचे पडदे निवडायला आठ महिने लागले होते. ते अजूनही मला आवडत नाहीत.

"दोन-तीन आठवडे घ्या. तेवढ्याने काही बिघडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. बाई बरी वाटली. डोळ्यांत बघून बोलते.

घरी आलो. वेसेलने वाटाण्याचं सूप गरम केलं, म्हणाला, "रुलिना, तुझं शरीर, तुझा निर्णय," आणि मागच्या शेडमध्ये जाऊन बसला. तिथे हीटर नाही. बाहेर गोठवणारी थंडी. बायकोशी बोलण्यापेक्षा तेही परवडलं म्हणायचं.


१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी रक्त दिलं. दोन्हीकडे एकदम झाल्यामुळे आनुवंशिक आहे का ते तपासणार आहेत. मग नेहमीप्रमाणे चौकातल्या घंटांच्या मनोऱ्यावर चढले आणि बाजाराच्या दिवसाचं वादन केलं.

मुठी वळून लाकडी दांडे ठोकायचे, पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या, की वर तारा ओढल्या जाऊन घंटा वाजतात. नाजूक काम नाही. खांदे, छाती, पाठ सगळं लागतं. गेली सव्वीस वर्षं मी या गावाला दर गुरुवारी तासभर संगीत ऐकवते. कान मिटायची सोय नसल्यामुळे सगळ्यांना ऐकावं लागतं, आणि ऐकावंच लागतं म्हणून कोणी ऐकत नाही. हेरिंग मासे विकणारा तेवढा हात हलवतो.

आज प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, डावीतलं द्राक्ष हादरतंय. मूर्खपणा. तरी एक अख्खं पान हळू वाजवलं.

खाली आले तर वेसेल चौकात चीजच्या गाडीपाशी. दर गुरुवारी हा चीज घेतो. घरात आधीचं पडलेलं असतं, आणि याला चीज धड आवडतही नाही. सवय, दुसरं काय.


१९ जानेवारी, रविवार

अलैदा आली. माझी मोठी बहीण, घरातलं सौंदर्य. आई तसंच म्हणायची, "अलैदा दिसायला, रुलिना आवाजाला." सोबत ॲपल टार्ट, कॅन्सरवरचा उपाय म्हणून हळद आणि मतांची मोठी टोपली.

"काही काढायचं नाही," कोट काढायच्या आत ती म्हणाली. "आजकाल सगळं वाचवता येतं. नुसती गाठ काढ आणि मोकळी हो."

"आणि वाचवता नाही आलं तर?"

"तर नवीन करून घे. सपाट नको. सपाट म्हणजे काय ते! आरशात बघवेल का तुला?"

"मी आत्ताही फारशी बघत नाही."

"ते दिसतंच," ती म्हणाली.

हे सगळं बोलताना तिने गळ्यातला मोठा रुमाल घट्ट आवळून धरला होता. घरात हीटर चालू, उबदार एकवीस अंश असताना. मी म्हटलं, "काढ की तो." तर म्हणे थंडी वाजते. आई यातच गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि अलैदा सोळा. तिने आईचं सगळं केलं. ते दिवस ती कधी बोलत नाही, मीही विचारत नाही. आमचं दोघींचं तेवढं एक चांगलं जमतं.

जाताना दारात विचारते कशी, "तो ट्रेलर अजून उभा आहे का गं तिथे?"

"का? तुला जायचंय?"

"छे. रस्ता अडतो म्हणून विचारलं."

नसत्या चौकशा.


३१ जानेवारी, शुक्रवार

मी ठरवलं होतं: दोन्हीकडचा नुसता खराब भाग काढायचा, रेडिएशन घ्यायचं, घंटा वाजवायच्या. अलैदाला फोन करून सांगूनही झालं. तिला जिंकल्याचा आनंद झाला.

आज डॉक्टर टेन काटेंनी एमआरआयची चित्रं दाखवली. उजवीकडचे ठिपके एका कोपऱ्यात नाहीत, सगळीकडे पसरलेत, बर्फ पडायला लागल्यावर अंगणात दिसतो तसे. "इतकं सगळं काढलं तर उरणार काहीच नाही," त्या म्हणाल्या. "उजवी पूर्ण काढावी लागेल. मला वाईट वाटतं."

मी म्हटलं, "हरकत नाही." का म्हटलं? दुकानात पाव संपला तर म्हणतात तसं म्हटलं. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडेना. मी ते ओढत राहिले. वेसेल म्हणाला, "ही आपली गाडी नाही." खरंच नव्हती.

घरी येईपर्यंत तो चकार शब्द बोलला नाही. मला बोललेलं हवं होतं. काहीही. एकदा म्हणाला असता, "माझ्या आवडत्या होत्या त्या," तरी चाललं असतं. मी त्याला फाडून खाल्लं असतं, पण चाललं असतं.


४ फेब्रुवारी, मंगळवार

वेसेलला वेड लागलंय. सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघराची उलथापालथ. वरच्या फळीवरचे कप, बश्या, कॉफीचा डबा, सगळं खालच्या कपाटात. दारामागचे कोटाचे हुकही उखडून कमरेएवढ्या उंचीवर ठोकलेत. माझा कोट जमिनीवर लोळतोय.

"हे काय चालवलंयस?"

"असं सोयीचं पडेल."

"कोणाला? बुटक्यांना?"

तो खांदे उडवून स्क्रू घट्ट करत राहिला. निवृत्त नवऱ्यांबद्दल बायका सांगतात ते खोटं नाही. बाहेरचे बांध संपले की ते घरात शिरतात.

शिवाय एक भली मोठी आरामखुर्ची मागवलीय. कळ दाबली की पाठ खाली जाते, पाय वर येतात. शेवाळासारखा रंग. स्वतःसाठी म्हणे. आल्यापासून एकदाही बसलेला नाही.


६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी प्लास्टिक सर्जन. डॉक्टर रौकेमा. दात फार पांढरे, बूट फार टोकदार. मला उभं केलं, माझं पोट दोन्ही हातांनी उचललं आणि बाजारात कलिंगड जोखतात तसं जोखलं.

"उत्तम माल आहे," ते म्हणाले.

सत्तावन्न वर्षांत माझ्या पोटाला मिळालेली ही पहिली दाद.

"दोन्ही बाजूंना पुरेल?"

"अगदी. साइज थोडा लहान येईल, पण आकार सुरेख. आणि पोट सपाट होईल ते फुकटात!" हा विनोद ते रोज करत असणार.

खरं लिहिते. मला मोह पडला. दोन नवीन, गोल, विशीतल्या पोरीसारखे, आणि पोट गायब. अलैदासमोर पोहण्याच्या कपड्यात उभी असलेली मी डोळ्यांपुढे आली. अलैदा खुर्ची शोधत होती.

"त्यांना स्पर्श कळेल?" मी विचारलं.

"बहुधा नाही. थोडाफार, नशिबाने. पण दिसायला फार नैसर्गिक."

"कोणाला दिसायला?"

ते हसले. 

मग मी घंटांचं सांगितलं. मुठी, खांदे, पायपट्ट्या.

"वा, छान छंद आहे."

"नोकरी आहे. नगरपालिकेची."

"असं होय. सिलिकॉन स्नायूखाली ठेवलं तर प्रत्येक फटक्याला ओढ जाणवेल. स्नायूवर ठेवता येतं, पण तुमची त्वचा पातळ आहे, कडा दिसतील. पोटाचं केलं तर पोटात ताकद यायला बरेच महिने. खरं सांगू? घंटा वाजवणाऱ्या बायकांवर अजून संशोधन झालेलं नाही."

"घ्या करायला. आम्ही फार नाही, एका दुपारी उरकेल."

वेसेल कोपऱ्यात बसला होता. पूर्ण तासात त्याने एकच प्रश्न विचारला. "पोटाच्या ऑपरेशनला किती वेळ?"

"दोन्ही बाजू म्हणजे आठ ते दहा तास."

"दहा तास बेशुद्ध?"

"अगदी गाढ."

वेसेलचा चेहरा मेणासारखा पांढरा झाला. नर्सने त्याला पाणी दिलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून तसं झालं. मी पेशंट आणि पाणी त्याला.


९ फेब्रुवारी, रविवार

माझा वाढदिवस. नेहमीसारख्या खुर्च्या गोलाकार मांडल्या, नेहमीसारखे सगळे एकेकाचा हात धरून "अभिनंदन तुमच्या बायकोच्या वाढदिवसाचं", "अभिनंदन तुझ्या बहिणीच्या वाढदिवसाचं" करत फिरले. प्रत्येकी टार्टचा एक तुकडा. फरक एवढाच की यंदा सगळे माझ्याशी बोलताना माझ्या कपाळाकडे बघत होते. गळ्याखाली उतरलं की नजर भाजत असावी.

शेजारच्या पोटहोवन बाई म्हणाल्या, "माझ्या चुलतबहिणीला पण झालं होतं."

"मग?"

"मग... टार्ट फार छान झालाय हां."

चर्चच्या विणकाम मंडळाने भेट दिली. लोकरीचे दोन स्तन. गुलाबी, मध्ये थोडा गडद टिपका, आत कापूस. मन लावून विणलेले, पण एक बटाट्याएवढा आणि दुसरा भोपळ्याएवढा. दोन वेगळ्या बायकांनी विणले असणार आणि दोघींनी आपापलं माप घेतलं असणार.

अलैदा ते बघून उठली आणि बाथरूममध्ये जाऊन बसली. बराच वेळ. तिला तसल्या गोष्टी ओंगळ वाटतात.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

जनुकांचा निकाल आला. काही सापडलं नाही. नुसतं दुर्दैव, दोनदा.

अलैदाला लगेच फोन केला. "ऐक, आनुवंशिक नाही. तुला कसली तपासणी करून घ्यायची गरज नाही. नेहमीचा ट्रेलर तेवढा पुरे."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"अलैदा?"

"ओव्हनमध्ये टार्ट आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आवाज सर्दी झाल्यासारखा. एक शब्द नाही, "बरं झालं गं" नाही, काही नाही. मला काय वाटत असेल याचा विचार नाही.

संध्याकाळी दाराबाहेर टार्ट ठेवून गेली. बेल न वाजवता. मध्यभागी कच्चा होता. अलैदाचा टार्ट आयुष्यात कधी कच्चा राहिलेला नाही.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

निर्णय झाला. दोन्ही काढायच्या. सपाट. काही बसवायचं नाही.

डॉक्टर टेन काटेंनी पेन खाली ठेवलं. "डावी काढायची वैद्यकीय गरज नाही. हे मला तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. त्याने आयुष्य वाढणार नाही."

"माहीत आहे. पण ठेवली तर रेडिएशन."

"हो."

"त्याने खांदा आखडतो?"

"काहींचा. सगळ्यांचा नाही."

"आणि काढली, काखेतली ग्रंथी स्वच्छ निघाली, तर रेडिएशन नाही?"

"बहुधा नाही. पण जखम मोठी, आणि गेली ती गेली. एका बाजूने पुष्कळ बायका मजेत राहतात."

"मला कळतं. तरी दोन्ही."

मी सगळी कारणं घंटांची सांगितली. खांदा, तोल, दोन्ही हातांना सारखं वजन. एक सांगितलं नाही. ती एकटी डावी राहिली असती तर मी रोज सकाळी तिच्याकडे पोलिसासारखी बघत बसले असते. त्यापेक्षा नको.

मग डॉक्टर वेसेलकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं? तुम्हीही त्याच घरात राहता."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला सरळ विचारलं होतं. आता पळायला शेड नव्हती.

तो हातातली टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "यातल्या कुठल्या प्रकारात ती टेबलावर सगळ्यात कमी वेळ असते?"

बस. एवढंच! गॅरेजमध्ये गाडी टाकून विचारल्यासारखं: "किती वाजता मिळेल?"

"हाच," डॉक्टर म्हणाल्या. "दोन-अडीच तास."

"मग हाच बरा," वेसेल म्हणाला आणि रुमालाने मान पुसली.

परतताना मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भूक लागलीय का?"


२७ फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशनआधीचं शेवटचं वादन. वेड्यासारखं वाजवलं. हेरिंगवाल्याने दोन्ही हात वर केले.

माझ्या जागी कास्पर येणार आहे, शेजारच्या गावचा. नगरपालिकेतली बाई म्हणाली, "तो रेडिओवरची गाणी वाजवतो. लोकांना फार आवडतं." मी म्हटलं, "लोकांना तळलेले बटाटेही आवडतात." ती म्हणाली, "हो ना!" हिला टोमणा कळत नाही, म्हणून ती संस्कृती विभागात आहे.


७ मार्च, शुक्रवार

घरी. परवा झालं. दोन्ही कुशीतून नळ्या निघाल्यात, त्यांना बाटल्या, बाटल्यांत बीट उकडलेल्या पाण्यासारखं काहीतरी. त्या घेऊन चालताना मी दूधवाली दिसते.

आडवं झोपता येत नाही. त्या शेवाळी खुर्चीत झोपते. कळ दाबली की बरोबर पाहिजे तेवढी पाठ खाली जाते. वेसेलला त्याच्या खुर्चीवरून उठवलं म्हणून वाईट वाटलं, तसं म्हटलंही. तो म्हणाला, "असू दे."

कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही असं सांगितलंय. कप खालीच आहेत म्हणून बरं, नाहीतर पंचाईत झाली असती. कधी कधी माणसाचा वेडेपणा योगायोगाने कामाला येतो.


१४ मार्च, शुक्रवार

ग्रंथी स्वच्छ, दोन्हीकडच्या. उजवीकडे बांध शाबूत होता. डावीकडचं द्राक्ष अख्खं निघालं, कडा मोकळ्या. रेडिएशन नाही, केमो नाही. पाच वर्षं रोज एक गोळी.

वेसेल म्हणाला, "मी जरा गाडी बघून येतो." पार्किंगमधून परत यायला त्याला इतका वेळ लागला की डॉक्टरांनी मला दुसरी कॉफी दिली. आला तेव्हा डोळे लाल. मार्चचा वारा.

पट्टी उघडली, तेव्हा मी बघितलं नाही. छताकडे बघत होते. छताला एक डाग आहे.


२० मार्च, गुरुवार

खिडकी उघडी ठेवून कास्परला ऐकलं. वाईट म्हणजे, बरा वाजवतो. त्याहून वाईट म्हणजे, चौकात टाळ्या पडल्या. मला सव्वीस वर्षांत टाळ्या पडलेल्या नाहीत.

वेसेल चीज न आणता आला. "आज नाही गेलास?"

"आज कशाला?" तो म्हणाला.

विचित्र माणूस. बाजार तर होताच.


२९ मार्च, शनिवार

आज आरशात बघितलं.

दोन आडव्या रेघा, जांभळट. मध्ये बरगड्या, ज्यांना मी कधी भेटले नव्हते. उजव्या रेघेच्या टोकाला कातडीची एक घडी, कुत्र्याच्या कानासारखी. मला वाटलं होतं मुलासारखी दिसेन. तशी दिसत नाही. कोणासारखीच दिसत नाही. पोट, जे आधी वरच्या दोघींच्या सावलीत होतं, ते आता एकटंच पुढे आलंय. उत्तम माल.

मग नळाखाली हात धरून उभी राहिले आणि रडले. गरम पाणी संपेपर्यंत. मला त्या परत हव्या होत्या. घंटा वगैरे काही नको होतं, मला फक्त त्या परत हव्या होत्या.

वेसेलने दारावर टकटक केलं. "आत येऊ?"

"नको."

तो गेला नाही. दाराबाहेर जमिनीवर बसल्याचा आवाज आला. गुडघा वाजतो त्याचा. बराच वेळ आम्ही दोन बाजूंना बसलो होतो. त्याला अजून बघू दिलेलं नाही.


१२ एप्रिल, शनिवार

अलैदा आली. रुमाल नाही. कोट काढता काढता म्हणाली, "मी गेले होते. ट्रेलरमध्ये."

"आणि?"

"काही नाही. आणि तिथे थंडी नाहीये, उगाच सांगतात." मग टार्ट कापताना, माझ्याकडे न बघता, "दाखव."

मी ब्लाउजची बटणं काढली. स्वयंपाकघरात, भर दुपारी. अलैदाने चष्मा लावला, वाकून बघितलं, वेळ घेऊन. मला वाटलं आता उठून बाथरूममध्ये जाईल.

"आईचं असं नव्हतं," ती म्हणाली. "आईचं फार वाईट होतं. पट्टी मी बदलायचे. तुला कधी बघू दिलं नाही." तिने एक बोट रेघेजवळ टेकवलं. "हे नीट आहे. हे स्वच्छ आहे, रुलिना."

मग चष्मा काढून पुसला. "पोट मात्र कमी कर."

टार्ट आतपर्यंत भाजलेला होता.


२२ एप्रिल, मंगळवार

व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणते हलकं वाजवायला हरकत नाही. संस्कृती विभागातल्या बाईचा फोन. "चार मेच्या स्मृतिदिनाला कास्परला सांगू का?"

"सांगून बघा," मी म्हटलं. या वेळी टोमणा कळला तिला.


४ मे, रविवार

आधी भांडण. वेसेल म्हणाला, "एकटी वर जाऊ नकोस."

"सव्वीस वर्षं एकटीच जाते."

"मी येतो."

मी हसले. या माणसाला उंचीचं इतकं भय आहे की तो घरातला बल्बसुद्धा मला बदलायला लावतो. सपाट देशात सपाट नोकरी केली, कोणाला कळलं नाही. सव्वीस वर्षांत मनोऱ्याच्या पहिल्या वळणापर्यंतही आलेला नाही. पण आज आला. भिंत चाचपत, माझ्या पट्ट्याला धरून, स्वतःशी काहीतरी पुटपुटत. वर पोचलो तेव्हा घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. खिडकीकडे पाठ करून फळीवर बसला आणि डोळे मिटून घेतले.

खाली चौक भरलेला. माळा, झेंडा, शाळेची मुलं. संध्याकाळी आठला युद्धातल्या मृतांसाठी सगळा देश दोन मिनिटं गप्प होतो, त्याआधी मला वाजवायचं होतं. संथ, साधं. मी दांड्यांवर मुठी ठेवल्या. पहिल्या ठोक्याला दोन्ही रेघा ओढल्या गेल्या, शिवण उसवल्यासारखं वाटलं. उसवली नाही. वरच्या पट्टीपर्यंत डावा हात पोचेना, ते स्वर सोडून दिले. लहानशी भोकं पडली गाण्यात. कास्परने ती पाडली नसती. पण मला ती चुकीची वाटली नाहीत, आज तरी.

शेवटची मोठी घंटा पायाने वाजवली. मग शांतता.

खाली हजार माणसं, एक आवाज नाही. आणि वर वेसेल, धापा टाकतोय. दाबायला गेला तर शिट्टीसारखा आवाज नाकातून. मृतांसाठी सगळा देश स्तब्ध आणि माझा नवरा किटलीसारखा वाजतोय. मला हसू आवरेना. हसलं की व्रण ओढतात. मी ओठ चावले आणि त्याचं डोकं धरून माझ्या अंगावर दाबलं, तोंड बंद व्हावं म्हणून.

तो तिथेच राहिला. त्याचा कान बरोबर डाव्या रेघेवर. मला दुखेल वाटलं होतं, दुखलं नाही. ऊब तेवढी कळली. ती कळते, हे मला आजच कळलं. धाप हळूहळू कमी झाली. खाली बिगुल वाजला, माणसं हलायला लागली, तरी तो हलेना.

"हाड टोचत असेल," मी म्हटलं.

"नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "ठोके किती स्पष्ट ऐकू येतात. आधी मध्ये बराच मऊ पसारा होता."

"मग इतकी वर्षं तक्रार का केली नाहीस?"

"तेव्हा मी ऐकायला कुठे डोकं ठेवत होतो?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी, मनोऱ्यावर, स्मृतिदिनी, मी लाजले. मग बटणं काढली आणि म्हटलं, "बघायचं तर आत्ता बघ, उजेड आहे तोवर." त्याने डोळे उघडले. उंचीवर आल्यापासून पहिल्यांदा. बघितलं. बराच वेळ. काही बोलला नाही, आणि या वेळी मला बोललेलं नको होतं.

उतरताना फार वेळ लागला. तो उलटा उतरला, माझ्याकडे तोंड करून, प्रत्येक पायरीवर म्हणत, "खाली बघू नको म्हण. म्हण ना." आणि मी म्हणत होते.